लहान पोरं, आजी-आजोबा आणि तोरणमाळ: यशवंत तलाव ते सीताखाई पायी कसं करायचं

नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळला आपल्याकडचे, म्हणजे खान्देशातले, बहुतेक लोक पहाटे निघून रात्री परत येतात. घाट चढायचा, गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा, परत गाडीत, पुढचा पॉइंट, आणि घरी आल्यावर म्हणायचं की तिथं विशेष काही नाही बुवा. अशा पद्धतीने गेलात तर खरंच काही नाही. तोरणमाळची मजा चालण्यात आहे आणि तेही थोडंसंच, म्हणजे यशवंत तलावाच्या काठाने निघायचं, कमळ तलाव बघायचा, सीताखाईच्या कड्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत. सहा-सात वर्षांचं पोरगं स्वतःच्या पायाने करतं आणि गुडघे बरे असतील तर आजीपण करते.

उंचीचं सांगतो म्हणजे अंदाज येईल. तोरणमाळचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटरवर आहे, लोणावळ्याच्या जवळजवळ दुप्पट. त्या उंचीवर एवढं मोठं बारमाही तळं आणि आजूबाजूला सातपुड्याच्या रांगा, असं खान्देशात दुसरीकडे नाही. आणि चढ जवळपास सगळा गाडीनेच होतो, वरचं चालणं म्हणजे पठारावरचा थोडा चढउतार. म्हणून फॅमिलीसाठी ही जागा एकदम बरोबर आहे, कारण पोरांना दम लागायच्या आतच बघण्यासारखं समोर येतं.

कधी जायचं

माझं मत विचाराल तर सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. पाऊस ओसरलेला असतो, तलाव भरलेला असतो, गवत अजून हिरवं असतं आणि सीताखाईला पाणी पडताना बऱ्याचदा दिसतं. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बाया बसलेल्या असतात, त्या सीताफळांसाठी आमच्या घरात वेगळी पिशवी नेतात.

डिसेंबर-जानेवारीपण छान, फक्त थंडीला हलक्यात घेऊ नका. खाली शहाद्याला स्वेटर पुरतो म्हणून वरही पुरेल असं नाही, हिवाळ्याच्या रात्री वर चांगलंच गारठतं, कडाका पडला की सातपुड्यात गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या येतात. लहान मुलांना कानटोपी, पायमोजे, आणि रात्री झोपायला एक जास्तीचं पांघरूण घरूनच न्या.

जुलै-ऑगस्टमध्ये दृश्य जबरदस्त असतं पण घाटात धुकं, मधेच दरडीचे दगड रस्त्यावर, आणि कड्याजवळची सगळी जमीन शेवाळलेली. मोठ्यांचा ग्रुप असेल तर जा, पाच वर्षांचं लेकरू घेऊन मी जाणार नाही. उन्हाळ्यात खाली पारा ४४-४५ ला टेकलेला असताना वर सहा-सात अंश कमी असतात (हजार मीटर चढलं की साधारण तेवढा फरक पडतोच), म्हणून लोक मे महिन्यात पळत येतात, पण लक्षात घ्या ४४ मधून सात गेले तरी ३७ उरतात आणि दुपारी बारा वाजता ते ऊनच असतं. मे मध्ये गेलात तर सकाळी नऊच्या आत चालणं संपवायचं.

दोन वेळा टाळायच्या. एक महाशिवरात्र, तेव्हा गोरखनाथ मंदिरावर मोठी यात्रा भरते, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात तिन्हीकडून लोक येतात, घाटात गाड्यांची रांग लागते. यात्रा बघायलाच जायचं असेल तर जरूर जा, ती वेगळीच गोष्ट आहे, पण शांतपणे चालायला नाही. दुसरा होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजाराचा (आदिवासींच्या उत्सवी बाजारांचा) आठवडा, तेव्हा धडगाव-शहादा पट्ट्यात रस्ते माणसांनी, ढोलांनी आणि जीपांनी भरलेले असतात.

कसं पोहोचायचं

सगळे रस्ते शहाद्याला मिळतात एवढं डोक्यात ठेवा. धुळ्याकडून येणारे दोंडाईचा-सारंगखेडा करत तापी ओलांडून शहाद्याला येतात, नंदुरबारवाले प्रकाशा मार्गे, आणि जळगाव-चोपड्याकडचे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने. रेल्वेने यायचं तर सुरत-भुसावळ लाईनवर नंदुरबारला उतरायचं आणि तिथून पुढे एसटी किंवा जीप. शहाद्याहून तोरणमाळ साधारण ५५ किलोमीटर, म्हसावद, राणीपूर आणि मग घाट.

एसटी शहाद्याहून वर जाते पण फेऱ्या मोजक्या, म्हणून आदल्या दिवशी डेपोत विचारून घ्या आणि परतीची गाडी कधी आहे हे वर जायच्या आधीच विचारा, वर गेल्यावर नाही.

पेट्रोल-डिझेल शहाद्यालाच फुल करा, कॅश पण तिथेच काढा. वर मोबाईलची रेंज कधी असते कधी गायब, त्यामुळे ऑनलाईन पेमेंटवर विसंबून राहायचं नाही, सुट्टे पैसे जवळ असू द्या. नकाशा डाऊनलोड करून ठेवा आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की फोन लागला नाही तर घाबरू नका, नाहीतर तिकडे मामा-काका सगळे जागे.

आता घाट. ह्या ट्रिपमधला सगळ्यात अवघड भाग कोणता विचाराल तर चालणं नाही, घाट आहे, आणि तोही ड्रायव्हरपेक्षा मागे बसलेल्या पोरांसाठी. सातपायरी म्हणतात त्या भागात एकावर एक अशी वळणं आहेत की वरून खाली बघितलं तर आपणच आलेला रस्ता पायऱ्यांसारखा दिसतो. पोटभर नाश्ता करून घाटात शिरलं की उलटी ठरलेली. म्हणून शहाद्याला पोहे-कचोरी हाणायचा मोह आवरा, मुलांना घाटाच्या तासभर आधी थोडंसंच कोरडं खायला द्या, मोबाईल हातातून काढून घ्या, खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि ज्याला जास्त त्रास होतो त्याला मधल्या सीटवरून समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. आवळा सुपारी किंवा लिंबू चघळायला दिलं तर बऱ्याच जणांना बरं वाटतं. उलटीची गोळी द्यायची असेल तर वयाप्रमाणे डॉक्टरला विचारूनच, आपल्या मनाने मोठ्यांची अर्धी करून नाही. दोन-तीन कॅरीबॅग आणि एक ओला नॅपकिन हाताशी, डिकीत नाही.

चालवणाऱ्यासाठी: वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न, धुक्यात लाईट लो बीमवर. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनला गाडी धरू द्या, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात आणि जळका वास यायला लागतो. वास आला की रुंद जागा बघून थांबा, वीसेक मिनिटं गार होऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका. घाटात नागार्जुनाचं ठाणं (देवस्थान) लागतं, तिथे जवळपास सगळेच थांबतात, पोरांना मोकळं करायला ती बरी जागा आहे.

मुक्काम करा

हे मी जरा जोर देऊनच सांगतो. एका दिवसात होतं, पण मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर एक रात्र वर काढा. दुपारी तीन-चारपर्यंत वर पोहोचायचं, संध्याकाळी फक्त तलावाकाठी बसायचं आणि गोरखनाथ मंदिरात जाऊन यायचं, चालणं दुसऱ्या दिवशी सकाळी. घाटाने डोकं गरगरलेल्या पोराला लगेच चालायला लावलं की ते पहिल्या पंधरा मिनिटांतच 'कडेवर घे' सुरू करतं आणि मग सगळ्यांचाच मूड जातो. राहायला पर्यटन महामंडळाचं रिसॉर्ट आहे, वनखात्याचं विश्रामगृह आहे, शनिवार-रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत आधी बुक केल्याशिवाय जाऊ नका.

पिशवीत काय

हिमालय चढायला निघाल्यासारखं सामान नको. पण काही गोष्टी सोडू नका.

पाणी: मोठ्या माणसाला तासाला अर्धा लिटर धरा, मुलांना त्याहून थोडं कमी पण सारखं सारखं. तहान लागली का असं विचारत बसू नका, खेळण्याच्या नादात पोरं नाहीच म्हणतात, दर वीस मिनिटांनी दोन घोट पाजायचेच. तलावाचं किंवा ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी प्यायचं नाही, वर गुरंढोरं असतात.

ओआरएसची दोन पाकिटं. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चहाचा चमचा आणि सपाट भरलेला, मीठ वाढवायचं नाही.

खायला आपल्या खान्देशाइतकं प्रवासाचं जेवण कुणाकडे नसेल. दशम्या करून घ्या, दुधात भिजवलेल्या असल्या की दुसऱ्या दिवशीपण मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा मोठ्यांना आणि गूळ-तूप लहानांना. गूळ-शेंगदाणे, मुरमुरे, खारीक खिशात. बिबडे (ज्वारीचे पापड) घेतलेत तर चुरा होणार हे धरूनच घ्या, पोरं चुरापण खातात. चिप्सची पाकिटं शक्यतो नको, एक तर खारट खाऊन तहान वाढते आणि दुसरं म्हणजे माकडांना त्या पाकिटाचा आवाज बरोबर कळतो, पोराच्या हातातून हिसकायला येतात. माकड जवळ आलंच तर दात काढून हसू नका, डोळ्यात डोळे घालून बघू नका, खायचं पिशवीत टाका आणि पोराला जवळ घेऊन शांतपणे बाजूला व्हा.

पायात ग्रिप असलेले, आधी वापरलेले बूट. नवीन बूट घालून नेलेत तर टाचेला फोड येणार. चप्पल आणि क्रॉक्स गाडीत. फुल पँट, कारण गवतात कुसळं आणि गोचीड दोन्ही असतात. टोपी, विंडचीटर, प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक शिट्टी (हरवल्यासारखं वाटलं की जागेवर उभं राहून तीनदा वाजवायची, पळायचं नाही, हे आदल्या रात्री खेळ म्हणून शिकवून ठेवा). बँडेज, अँटिसेप्टिक, रोजची औषधं आणि एक टॉर्च.

चालायला सुरुवात

सकाळी सात-साडेसातला निघा. चहा-बिस्किटं झाली, बाथरूम झालं, आता. रस्त्यात झाडाआडच जावं लागतं हे मुलींना आणि आज्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पहिला टप्पा यशवंत तलाव. काठाकाठाने जिथपर्यंत रुळलेली पायवाट आहे तिथपर्यंत चालायचं, पूर्ण तळ्याला फेरी मारायचा हट्ट नको. सकाळी पाण्यावर वाफ असते आणि वारा नसेल तर समोरची टेकडी जशीच्या तशी पाण्यात. इथे घाई करू नका. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला दिसेल, बगळे असतील, खंड्या असेल, पण पोरांसाठी खरी गंमत टिबुकलीची. एवढीशी तपकिरी पाणकोंबडीसारखी, बघता बघता डुबकी मारते आणि भलतीकडेच वर येते. आता कुठून निघणार यावर मुलांची पैज लावा, माझ्या भाच्याने ह्या एका खेळावर अर्धा तास काढला आणि नंतर चालताना एकदाही कुरकुर केली नाही. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तरी चालतं.

पाण्यात मात्र उतरायचं नाही. काठचे दगड ओले आणि गुळगुळीत असतात, पुढे तळाशी गाळ आहे, आणि काठापासून खोली किती ते वरून कळत नाही. लहान मूल पाण्याजवळ असताना मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा, लांबून लक्ष ठेवतोय हे चालत नाही. बोटिंग चालू असेल आणि बसायचं असेल तर अंगाला घट्ट बसणारं लाईफ जॅकेट मिळालं तरच, मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून येतं.

दुसरा टप्पा कमळ तलाव. छोटा आहे, पावसाळ्यानंतर पानांनी भरलेला असतो, कमळं बघायची तर सकाळीच, ऊन चढलं की बऱ्याच फुलांच्या पाकळ्या मिटायला लागतात. फुलं तोडायला पाण्यात हात-पाय घालू नका, दांडे पायात गुंततात. पानावर पाण्याचे थेंब टाकून कसे पाऱ्यासारखे पळतात ते मुलांना दाखवा, काठाजवळ एखादं पान सापडतंच. दशमीचा पहिला राऊंड इथे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्या मंडळींनी इथपर्यंतच यावं आणि सावलीत बसावं, एक मोठा माणूस त्यांच्यासोबत, बाकीचे पुढे. आजोबांना चला हो थोडंच राहिलंय म्हणत ओढत नेण्यात काही अर्थ नाही, त्यांना परतही यायचं असतं.

तिसरा टप्पा सीताखाई. पठार चालता चालता एकदम संपतं आणि समोर खोल दरी. हे 'एकदम' लक्षात ठेवा. कडा दिसायच्या आधीच मुलांना थांबवायचं, पुढे एका मोठ्याने जाऊन बघायचं, मग एकेका मुलाचा हात धरून न्यायचं. पळापळी बंद, धक्काबुक्की बंद, सेल्फीसाठी पाठमोरं मागे सरकणं बंद, हा नियम मोठ्यांना पोरांपेक्षा जास्त लागू. पाऊस होऊन गेला असेल तर कड्यापासून आणखी लांब, कारण काळा दगड ओला झाला की साबण लावल्यासारखा होतो. पावसाळ्यानंतर पाणी असेल तर धबधबा दिसतो, नसेल तर दरीच्या भिंती बघा, थरावर थर रचलेले दिसतील. हा दख्खनचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा बाहेर येत गेला, पसरत गेला, थंड होत गेला, त्याचे हे थर. पोरांना लाव्हा म्हटलं की कान टवकारतात, मग डायनासोर होते का, हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर त्यांचे शेवटचे दिवस होते असं द्या, बरोबर आहे. आणि हाका मारून घ्या, दरीतून आवाज परत येतो. फक्त दुसरे कोणी शांत बसलेले असतील तर दोन-तीन हाकांत आवरा.

जाऊन-येऊन अंतर कुठून सुरुवात करता त्यावर चार-सहा किलोमीटरच्या आसपास भरतं. नुसतं चालत सुटलात तर दोन तासांत उरकेल, पण मुलांबरोबर बसत, खात, बघत चार तास धरा आणि साडेअकरा-बारापर्यंत खोलीवर परत. वेग सगळ्यात लहान पायांचा ठेवायचा, पुढे एक मोठा, मागे एक मोठा, पोरं मधे.

खडकी पॉइंटचं नाव सगळे घेतात, जागा सुंदर आहे, पण लांब पडते, दहा-बारा वर्षांच्या खालच्यांना सोबत घेऊन त्याच दिवशी करू नका. मच्छिंद्रनाथाच्या गुहेला संध्याकाळी जाता येईल, उतार-चढ आहे, दमलेल्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

थोडं सावधपणाचं

ढग गडगडायला लागले तर कडा आणि उघडं माळरान सोडा, एकट्या झाडाखाली उभं राहू नका, गाडीत किंवा पक्क्या घरात जा. परतीच्या पावसात दुपारनंतर हे बरेचदा होतं, सकाळी निघण्याचं आणखी एक कारण.

गवतात पाय टाकायच्या आधी काठी आपटत चाला, दगडाखाली हात घालू नका. साप चावलाच तर चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही करायचं नाही, अंगठी-बांगडी-कडं काढायचं, तो पाय किंवा हात हलू न देता माणसाला उचलून गाडीत घ्यायचं आणि सरळ सरकारी दवाखाना, भगताकडे आधी नाही. १०८ ला फोन करा, पण रेंजचं वर सांगितलंय, म्हणून गाडी आणि ड्रायव्हर तयार असलेले बरे. वर पोहोचल्या दिवशीच हॉटेलवाल्याला विचारून ठेवा की दवाखाना कुठे आहे. जंगलाबाबत काही असेल तर वनखात्याचा १९२६ नंबर आहे. ह्या जंगलात बिबट्या आणि अस्वल दोन्ही आहेत, दिवसा माणसांच्या वाटेवर सहसा येत नाहीत, पण अंधार पडल्यावर वाटेवर फिरायला जाऊ नका.

वर पावरा आणि भिल्ल समाजाचे पाडे आहेत. लोक बोलायला मोकळे आहेत, वाट विचारा, नीट सांगतात, वाटलं तर गावातला एखादा पोरगा वाटाड्या म्हणून घ्या आणि पैसे आधी ठरवून पूर्ण द्या. पण न विचारता घरात डोकावून फोटो काढायचे नाहीत, आणि पाड्यावरच्या मुलांना चॉकलेटं वाटत सुटायचं नाही, द्यायचेच पैसे तर सीताफळ, चारोळी, आमचूर असं काही विकत घ्या आणि दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका. कचऱ्याची पिशवी आपली आपण खाली शहाद्यापर्यंत आणायची, डायपर धरून.

उतरताना

जेवून लगेच घाट उतरू नका, पुन्हा तेच उलटीचं. दुपारी थोडं खाऊन, तासभर पाठ टेकून तीनच्या सुमारास निघालात तर उजेडात राणीपूर गाठता, आणि पोरं घाटातच झोपतात. निघायच्या आधी सगळ्यांचे कपडे एकदा झटकून घ्या, मुलांच्या कानामागे, मानेवर, कमरेच्या इलॅस्टिकजवळ गोचीड आहे का बघा. असला तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायचा, रॉकेल-तेल लावत बसायचं नाही. खाली आलात की शहाद्यात शेवभाजी आणि भाकर सांगा, पोरांसाठी तिखट कमी करायला सांगायचं विसरू नका, नाहीतर आपल्याकडची कमी तिखट म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे. वेळ उरला आणि नंदुरबारकडे जायचं असेल तर प्रकाशाला तापीकाठी केदारेश्वराचं दर्शन होतं, धुळ्याकडे जायचं असेल तर सारंगखेड्याच्या पुलावरून सरळ घर गाठा.